पहिली नोकरी, लोअर परळला ऑफिस, ४.८० लाखांचं पॅकेज. हातात किती पडतील आणि आधी काय शिकून घेऊ?

प्रवराकाठ

बी.कॉम. झालंय. लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह म्हणून निवड झाली आहे, पुढच्या महिन्याच्या १ तारखेला रुजू व्हायचंय. गाव संगमनेर. मुंबईत राहायची पहिलीच वेळ. सुरुवातीला डोंबिवलीला मामाकडे उतरेन, मग तिथेच एका मैत्रिणीबरोबर वन बीएचके भाड्याने घ्यायचा विचार आहे. भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० सांगताहेत, दोघींत निम्मं निम्मं.

ऑफर लेटरमधली महिन्याची फोड अशी आहे: बेसिक २०,०००, एचआरए आणि इतर भत्ते मिळून १२,१३८, एम्प्लॉयर पीएफ २,४००, ग्रॅच्युइटी ९६२, ग्रुप मेडिक्लेम ५००, व्हेरिएबल ४,०००. बेरीज ४०,०००. घरचे चाळीस हजार धरूनच चाललेत.

नेमके किती येतील? त्यातून घरी ४,००० पाठवायचे आहेत. नात्यातले एक काका पहिल्या पगारापासून वर्षाला ३०,००० हप्त्याची विमा पॉलिसी घे म्हणून मागे लागलेत, ती घ्यावी का? टॅली येतं, एक्सेल कामापुरतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत कामाचं आणि राहण्याचं काय काय शिकून घ्यावं तेही सांगा. पोळ्या येतात, बाकी स्वयंपाक फारसा येत नाही.

पगारपत्रक

अभिनंदन. आधी घरच्यांना खरा आकडा सांग, कारण त्या चाळीसवर पुढची सगळी गणितं मांडली जातील.

४०,००० मधून एम्प्लॉयर पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम आणि व्हेरिएबल वगळले की उरतात ३२,१३८. हा तुझा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), म्हणजे बेसिकच्या १२ टक्के, २,४०० जाणार. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, वर्षाला मिळून २,५००). महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे, पण तुझा ग्रॉस त्याच्या वर आहे म्हणून कापला जाईल. ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) मर्यादा २१,००० असल्याने ती लागत नाही. हातात येतील २९,५३८. आयकर नाही: व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी वर्षाचं वेतन साधारण ४.३४ लाख होतं, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की नव्या कररचनेतल्या ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आतच राहतेस. रुजू होताना कोणती कररचना विचारतील तेव्हा नवीच सांग.

व्हेरिएबलचं, म्हणजे कामगिरीवर ठरणाऱ्या भागाचं, विचारून घे: महिन्याला, तिमाहीला की वर्षाअखेरीस? आणि देय तारखेला नोकरीत असणं बंधनकारक आहे का? बऱ्याच ठिकाणी ही अट असते. मार्चमध्ये राजीनामा दिला आणि रक्कम जूनमध्ये वाटली तर वर्षभर काम करूनही ती हाती लागत नाही. ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, कायम नोकरीत साधारण पाच वर्षांनंतरच मिळते. तेव्हा हे दोन्ही आकडे खर्चाच्या हिशोबात धरू नकोस.

आता पीएफ. इथे एक चूक फार होते आणि ती वर्षानुवर्षं कळत नाही. एरवी कंपनीच्या वाट्यातले १,२५० रुपये पेन्शन खात्यात जातात. पण १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या आणि पीएफसाठी धरलेलं वेतन १५,००० च्या वर असणाऱ्या माणसाला पेन्शन योजना लागू होत नाही, कंपनीचे सगळे २,४०० पीएफमध्येच जायला हवेत. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्शनची खूण आपोआप 'हो' असते, ती कोणी बदलत नाही. पुढे नोकरी बदलून पैसे वर्ग करायला गेलं की दावा परत येतो, आणि तोवर जुन्या कंपनीत ओळखीचं कोणी उरलेलं नसतं. पहिल्या दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून बघ. तीन रकाने असतात: कर्मचारी, मालक, पेन्शन. पेन्शनच्या रकान्यात आकडा दिसला तर त्याच दिवशी एचआरला मेल कर.

यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) उमंग ॲपवर आधारच्या चेहरा-पडताळणीने स्वतः काढता येतो. त्याआधी नावाचं बघ. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर वेगळा क्रम, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, असा गोंधळ असतो. आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर एकच क्रम, एकच स्पेलिंग आणि एकच जन्मतारीख करून घे. संगमनेरला असतानाच कर, रुजू झाल्यावर अर्ध्या दिवसाची रजा मिळवणंही जड जातं. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, तेही तपास.

आणखी एक: दर महिन्याची सॅलरी स्लिप पीडीएफ करून स्वतःच्या मेलवर ठेव. नोकरी सोडल्यावर कंपनीचं पोर्टल बंद होतं आणि पुढची कंपनी शेवटच्या तीन स्लिपा मागतेच.

डोंबिवली पूर्व

लोअर परळ म्हटलं की सगळे पश्चिम रेल्वेचं स्टेशन धरतात. डोंबिवलीहून येणाऱ्याने करी रोडला उतरावं, तिथून लोअर परळची बरीचशी ऑफिसं चालत गाठता येतात. करी रोडला फक्त स्लो गाड्या थांबतात. म्हणजे एक तर डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडायची (वेळ जास्त, पण बसायला मिळतं), नाही तर फास्टने दादर आणि तिथून स्लोने परळ सोडून पुढचं स्टेशन. पास डोंबिवली ते करी रोडचाच काढ. पहिला महिन्याचा काढ, कारण ऑफिसची वेळ आणि राहण्याची जागा पक्की व्हायची असते. जम बसला की तीन महिन्यांचा. तो महिन्याच्या पासाच्या २.७ पट किमतीत मिळतो, वर्षाचा १०.८ पट. संपण्याआधी दहा दिवस नूतनीकरण करता येतं. पासावर ज्या ओळखपत्राचा क्रमांक आहे ते जवळ ठेव.

आता घर. टोकन देण्याआधी दोनदा जाऊन ये, एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठनंतर. सकाळी पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं ते शेजाऱ्यांना विचार, एजंटला नको. सव्वासातची गाडी असेल आणि पाणी सातला येत असेल तर रोजची ओढाताण होईल. रात्री जाऊन स्टेशनपासूनचा रस्ता आणि शेअर रिक्षाची रांग बघ. तळमजल्याचं घर असेल तर पावसात गल्लीत पाणी भरतं का तेही विचार. वीज महावितरणची आहे. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेऊन ॲपवर थकबाकी बघ, आणि ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढ.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा, बहुतेक वेळा ११ महिन्यांचा असतो. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं अनेक एजंट बिनदिक्कत सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला हे समजावून सांगितलं की तो स्वतःच नोंदणीला तयार होतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यावर. तुमचं गणित: १८,००० गुणिले ११ म्हणजे १,९८,०००, त्यात ५०,००० वरचं ११ महिन्यांचं व्याज ४,५८३. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट त्यावर आपली फी लावतो. तो सगळं मिळून किती मागतो आणि त्यात सरकारी किती, हे त्याला वेगवेगळं लिहून द्यायला सांग.

करारात वाचायच्या जागा: दोघींची नावं आहेत का (एकीच्याच नावावर असेल तर दुसरीला पत्त्याचा पुरावा मिळत नाही आणि डिपॉझिटवर हक्कही सांगता येत नाही), लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस एक महिन्याची दोन्ही बाजूंना सारखी आहे का, मेंटेनन्स कोण भरणार, आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का. शेवटची अट बहुतेक वेळा तोंडी असते आणि डिपॉझिटमधून पाच-दहा हजार तिथेच जातात. 'नेहमीच्या वापराने झालेली झीज वगळून' हे शब्द घालून घे. डिपॉझिट बँकेतूनच दे, निम्मंनिम्मं दोघींच्या खात्यांतून. भिंती, नळ, गिझर, खिडक्यांच्या काचा यांचा व्हिडिओ काढून ताब्याच्या दिवशीच मालकाला व्हॉट्सॲप कर.

हाताशी ठेवायची रक्कम: तुझ्या वाट्याचं डिपॉझिट २५,०००, पहिलं भाडं ९,०००, एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी धरली तर ९,०००, करार आणि किरकोळ सामान मिळून तीन-चार हजार. म्हणजे ४६-४७ हजार, आणि हे पहिला पगार यायच्या आधी. म्हणून माझं मत, पहिला पगार होईपर्यंत मामांकडेच राहा.

ताळेबंद

कामाचं मी सांगतो. टॅली येतं हे चांगलंच, पण एंट्री मारता येणं आणि खातं जुळवता येणं यात फार अंतर आहे. वर्षभराने तुझा पगार वाढेल तो जुळवता येण्यावर.

आधी महिन्याचं वेळापत्रक डोक्यात बसव. ७ तारखेला मागच्या महिन्याचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) भरायचा (मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत). मासिक विवरण भरणाऱ्या कंपनीत ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी) तयार होतं, २० ला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण). म्हणजे १४ ते २० या दिवसांत आपली खरेदी वही आणि २बी जुळवायची. पुरवठादाराने आपलं बिल दाखवलेलं नसेल तर आपल्याला त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळत नाही. नव्या माणसाकडे हेच काम येतं आणि हेच काम नीट केल्याने तो नजरेत भरतो. या आठवड्यात सुट्टी मागू नये, हे कोणी सांगत नाही पण सगळे पाळतात.

ही जुळवणी एक्सेलमध्ये बिघडते ती ठरावीक कारणांनी. पोर्टलवरून आलेल्या बिल क्रमांकाच्या शेवटी स्पेस असते, डोळ्यांना दिसत नाही आणि लुकअप (दुसऱ्या यादीत शोधणारं सूत्र) 'सापडलं नाही' म्हणतो. आधी दोन्ही बाजूंना ट्रिम (जास्तीच्या स्पेस काढणारं सूत्र) लाव. '००४५' असा बिल क्रमांक एक्सेल उघडताना '४५' करून टाकतं, म्हणून सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने उघडू नकोस, डेटा मेनूतून आणून तो रकाना 'टेक्स्ट' ठरव. तारखांचं तसंच: ०३-०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. तारीख सेलच्या डावीकडे चिकटलेली दिसली तर बहुधा ती तारीख नसून मजकूर आहे. व्हीलुकअप वापरत असशील तर शेवटचा भाग कायम शून्य दे. तो मोकळा सोडला तर एक्सेल जवळपासचं उत्तर देतं, एरर येत नाही, आणि चुकीचा आकडा थेट साहेबांपर्यंत पोहोचतो. त्यापेक्षा एक्सलुकअप शीक, आणि जोडीला सम-इफ्स आणि पिव्होट टेबल. या तीन गोष्टी हातात बसल्या तर अकाउंट्समधलं रोजचं बहुतेक काम निघतं. रोज घरी अर्धा तास, खोट्या डेटावर. कंपनीची फाइल स्वतःच्या मेलवर पाठवून सराव करायचा नाही, त्यावरून नोकरी जाऊ शकते.

जुळवून झालं की तीन गठ्ठे कर: दोन्हीकडे आहे आणि रक्कम जुळते, दोन्हीकडे आहे पण रक्कम वेगळी, एकाच बाजूला आहे. वरिष्ठांकडे तिसरा गठ्ठा नेताना प्रत्येक ओळीपुढे कारण आणि पुढची कृती लिहून ने: 'पुरवठादाराने पुढच्या महिन्यात दाखवलं', 'जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकलं', 'बिल आपल्याकडे दोनदा चढलं'. नुसती न जुळलेली यादी नेली तर ती तुझ्याकडेच परत येणार.

इंग्रजी मेलचं दडपण घेऊ नकोस. विषयात पुरवठादाराचं नाव, बिल क्रमांक आणि महिना. मजकुरात काय हवं, का हवं, कधीपर्यंत हवं. चार ओळींपेक्षा मोठा मेल या खात्यात कोणी वाचत नाही.

दर शुक्रवारी आठवड्यात काय संपवलं ते एका वहीत आकड्यांसकट लिही: किती बिलं जुळवली, किती रुपयांचं अडकलेलं क्रेडिट सुटलं. मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी फॉर्म समोर येतो तेव्हा मागचं काही आठवत नाही.

हप्त्यावर हप्ता

पॉलिसीबद्दल आधी. वर्षाला ३०,००० म्हणजे महिना २,५००. विमा आणि बचत एकत्र असलेल्या अशा पॉलिसीत संरक्षण साधारण वार्षिक हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे तीन लाख. तू नसताना घरच्यांना तीन लाख किती पुरतील? परतावाही बहुधा मुदत ठेवीच्या पुढे जात नाही, आणि मध्येच बंद केली तर भरलेल्यातलं बरंच जातं. तुझ्या पगारावर आज घर चालत नसेल तर आयुर्विम्याची घाई नाही. चालत असेल तर साधा टर्म विमा (फक्त संरक्षण, बचत नाही) घे, या वयात तो स्वस्तात मिळतो. काकांना दुखवायचं नसेल तर 'सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत काहीच घेत नाही' एवढं सांग. आणि पॉलिसी घेऊन झालीच तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, लेखी अर्ज करून.

२९,५०० ची मांडणी मी अशी करेन. भाडं आणि वीज ९,५००, किराणा आणि जेवण ५,५००, पास आणि रिक्षा १,५००, मोबाईल ३००, घरी ४,०००, बचत ५,०००. बेरीज २५,८००. उरलेले ३,७०० कपडे, औषध, गावी जाणं-येणं, सिनेमा यांना. बचत शेवटी उरलेल्यातून करायची नाही. पगार १ ला होत असेल तर २ तारखेला ५,००० दुसऱ्या बँकेत आपोआप जातील अशी सूचना लावून टाक, आणि त्या खात्याचं यूपीआय चालूच करू नकोस. वेगळं खातं ठेवण्याचा खरा उपयोग तोच आहे.

पहिलं लक्ष्य ५०,०००, म्हणजे घरी पाठवायचे सोडून तुझा तीन महिन्यांचा खर्च. दहा महिन्यांत होतो. रिकरिंग किंवा छोट्या छोट्या मुदत ठेवी कर, एक मोठी नको, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. हे पैसे शेअर बाजारात नाहीत. ते झाले की मग इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम, 'डायरेक्ट' योजनेत. तोच फंड 'रेग्युलर'मध्ये घेतला तर दलालाचं कमिशन दरवर्षी तुझ्या पैशांतून जातं. आणि किमान सात-आठ वर्षं हात लावायचे नाहीत असेच पैसे त्यात घाल.

ऑफिसात कोणी तरी फ्युचर्स-ऑप्शन्समधून रोजचे पैसे काढायला शिकवेन म्हणेल. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळातले वैयक्तिक ट्रेडर्स तपासले, त्यांतले ९३ टक्के तोट्यात होते. तिकडे जायचंच नाही.

क्रेडिट कार्ड पगार खात्याबरोबर गळ्यात पडेल. पूर्ण बिल भरणार असशील तर चांगलंच आहे, सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर) तयार होतो. मात्र बिलावर 'किमान देय' लिहिलेलं असतं ते भरलं की काम झालं असं समजू नकोस. १२,००० चं बिल, किमान देय ५ टक्के म्हणजे ६००. ते भरलेस तर उरलेल्या ११,४०० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ३९९ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२. म्हणजे पुढच्या महिन्यात भरलेल्या रकमेतले ४७१ व्याजातच जातात, मुद्दल जवळजवळ तेवढंच राहतं. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज. पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लाव, आणि मर्यादा ५०,००० असेल तर १५,००० च्या पुढे वापर जाऊ देऊ नकोस.

यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. डिपॉझिट परत करतो, बक्षीस आहे, रिफंड आहे, काहीही सांगून पिन टाकायला लावला तर फोन ठेव. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठव' असं काम कोणी दिलं तर ते करू नकोस, ओळखीचा असला तरी. पोलिस आधी तुझ्या दारात येतील.

फोडणीची पळी

पोळ्या येतात म्हणजे निम्मं काम झालं. आता कुकर शिक, तीन लिटरचा दोघींना पुरतो. तळाला पेलाभर पाणी, जाळी, वर दोन डबे. खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून, दीड वाटी पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. मीठ आणि चिंच शिजल्यावर, चिंच आधी घातली तर डाळ दाताखाली येते. वरच्या डब्यात पाऊण वाटी तांदूळ आणि दीड वाटी पाणी. चार शिट्ट्या, मग आच बंद, वाफ आपोआप जाऊ दे. तळाचं पाणी विसरलं तर शिट्टी न होता जळका वास येतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. ऑफिसला पोळीभाजीचा डबा, रात्री वरणभात. रविवारी आलं-लसूण वाटण करून ठेव, खोबऱ्याचं वाटण मात्र तीन दिवसांच्या वर टिकत नाही.

गॅस जोडणी मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. ऑफिसचे कपडे सुती जाड घेऊ नकोस, मिश्र धाग्याचे घे, आणि एक जोड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेव.

प्रवराकाठ

सगळ्यांचे खूप आभार. आधार आणि पॅनवर खरंच नावाचा क्रम वेगळा निघाला, उद्याच केंद्रावर जाते. पगारपत्रक दादा, एक नवीनच निघालंय. एचआरचा मेल आला: रुजू होताना मूळ मार्कशीट जमा करायच्या, दोन वर्षांचा बाँड आणि ५०,००० चा तारीख न टाकलेला चेक द्यायचा. द्यावं का? आणि कंपनीचा मेडिक्लेम आहे तर वेगळा घ्यायला हवा का?

पगारपत्रक

मूळ मार्कशीट देऊ नकोस. पडताळणीसाठी मूळ दाखवायच्या आणि जमा करायच्या त्या स्वतः सही केलेल्या प्रती. मेलवर लिही: 'मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी सोबत आणेन, प्रती जमा करेन.' बऱ्याच एचआर तेवढ्यावर मान्य करतात. कंपनी मूळच हवेत म्हणून अडून बसली तर लेखी पोच आणि परत करण्याची तारीख माग. तीही नाही म्हणाले तर ही नोकरी घ्यावी का, याचा घरी बसून नीट विचार कर.

बाँडमध्ये रक्कम कशासाठी आहे ते बघ. कंपनी खर्च करून काही प्रशिक्षण देणार असेल, त्याचा उल्लेख असेल आणि रक्कम महिन्यांप्रमाणे कमी होत जाणार असेल तर सही करण्यासारखं आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडमध्ये लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि वाजवी भरपाईच मागता येते. पण ते सिद्ध करायला वकील आणि वेळ लागतो, म्हणून भांडायचं ते सहीच्या आधी.

तारीख न टाकलेला, सही केलेला चेक अजिबात नको. नोकरी सोडताना वाद झाला तर तो बँकेत टाकतील, आणि खात्यात तेवढे नसतील तर चेक न वटल्याचा फौजदारी खटला, कलम १३८ चा, तुझ्यावर लागू शकतो. बाँड आहे तर चेक कशाला, एवढंच विचार. आणि रुजू होण्यासाठी रोख फी, युनिफॉर्मचे, लॅपटॉपचे पैसे मागितले तर ती कंपनी खरी आहे का हेच आधी तपास: कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोध, मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का बघ, आणि ऑफिसला एकदा स्वतः जाऊन ये.

मेडिक्लेम: कंपनीचा नोकरी संपली की संपतो. तू स्वतः पहिलं वर्ष त्यावर काढू शकतेस. त्यात आई-वडील येतात का ते विचार. येत असतील तर नाव घालायची मुदत रुजू झाल्यापासून थोडेच दिवस असते, ती चुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. येत नसतील तर ५०,००० साठायची वाट न बघता त्यांची वेगळी पॉलिसी आधी घे. आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते, आणि ती पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जाते. प्रस्तावात वडिलांचं बीपी, आईचा थायरॉइड, जे असेल ते सगळं लिही, गोळ्यांच्या नावांसकट. लपवलेलं निघालं तर दावा तिथेच फेटाळतात.